झोपलेलं घड्याळ

शनीभोवती फिरणाऱ्या 'मांडवी' यानात हेमांगी देवरुखकर शीतनिद्रेतून उठली आणि घोटभर पाणीसुद्धा न पिता तिने लॅपटॉप उघडला. बाईला घाई होती, आणि का नसावी? निघताना नऊ वर्षांच्या लेकीला, रेवाला तिने शब्द दिला होता, आठ महिन्यांनी जागी झाले की पहिला निरोप तुला. शीतनिद्रेत वय वाढत नाही, तेव्हा आई होती तशीच, चौतीस वर्षांची परत येईल.

पण लॅपटॉप अँटेनाच्या यंत्राला काही केल्या जोडेना. नेटवर्क दिसत होतं, पासवर्ड बरोबर होता, तरी नकार. झोपेतून उठलेले लॅपटॉप असे रुसतातच, आणि यानाची संपर्क अभियंता असल्याने हेमांगीला ते दुखणं पाठ होतं. तिने वायरलेस बंद करून चालू केलं, जुनी जोडणी पुसून नवी केली, लॅपटॉपही दोनदा बंद-चालू करून पाहिला. ढिम्म!

यानाचे भौतिकशास्त्रज्ञ नाईकवाडी सर तिच्याबरोबरच उठले होते. घोळ त्यांच्या लक्षात आला. वेळ जुळल्याशिवाय अँटेना कुणालाच आत घेत नाही, आणि अँटेनाचं घड्याळ लॅपटॉपच्या चाळीस वर्षं पुढे होतं. अँटेनाचं डोकं फिरलंय, असं म्हणत हेमांगी ते घड्याळ मागे घ्यायला निघाली.

"थांब," सर म्हणाले. "अणुबॅटरी खोटं बोलत नाही. तिची वीज ठरल्या गतीनेच उतरते. आठ महिन्यांत शंभराची साडेनव्याण्णव व्हायला हवी."

मोजली, तर त्र्याहत्तर भरली. एवढी उतरायला चाळीस वर्षं लागतात.

"मुख्य संगणकाला झोपेत काय काय बंद करायला सांगितलं होतंस?" सरांनी विचारलं.

सगळंच. निघण्याच्या आदल्या दिवशी वीजबचतीच्या यादीत तिनेच भराभर खुणा केल्या होत्या. रिकाम्या खोलीतला पंखा बंद केल्याशिवाय जिला चैन पडत नाही, ती दुसरं काय करणार? वगळलं ते फक्त यान चालवणारं यंत्र, शीतनिद्रेच्या पेट्या आणि अँटेना, कारण अँटेनाला सतत पृथ्वीकडे तोंड ठेवायचं होतं. संगणकाला त्या पेट्या तासातून एकदा उठवायच्या; तो मिनिटभर सगळ्यांची नाडी तपासायचा आणि पुन्हा झोपायचा. त्याच्याबरोबर त्याचं घड्याळही. लॅपटॉपची वेळ त्याच घड्याळाची, उठवायचा गजरही त्याच्यावरच.

"म्हणजे त्याने फक्त जागेपणीची मिनिटं मोजली," सर हळू आवाजात म्हणाले. "तासाला एक. आठ महिन्यांना साठाने गुण."

तिला गुणायचं नव्हतं. पृथ्वीने हाका मारल्या असतील, अँटेनाने त्या ऐकल्याही असतील, पण माणसांना उठवणारा संगणकच झोपलेला. तिने लॅपटॉपचं घड्याळ चाळीस वर्षं पुढे केलं. जोडणी तत्क्षणी झाली. निरोपांची रांग संपेना. तिने सगळ्यात ताजा लावला.

आवाज तिच्या आईचा होता, थोडा थकलेला. हेमांगीचा जीव भांड्यात पडला. आई बोलतेय, म्हणजे एवढी वर्षं गेलेलीच नाहीत.

"आई," तो आवाज म्हणाला, "मी रेवा. आज मी तुझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी झाले. आता तरी ऊठ."