अठराव्या दिवशी उरलेली बाटली

तिसरा तास सुरू असतानाच शाळेच्या हँडपंपाकडून किंकाळी आली.

रेणू सगळ्यांच्या आधी धावली. निता चिखलात आडवी पडली होती. डोळे अर्धवट उघडे. छाती भात्यासारखी खालीवर होत होती, आणि तिच्या श्वासाला सडत चाललेल्या पेरूसारखा गोडसर वास येत होता.

रेणूची आत्या बेबीताई ही केनवडची आशा कार्यकर्ती. ती पिशवी सावरत आली. निताच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून तिने पट्टीला लावला. यंत्रावर आकडा आलाच नाही. नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली.

"आत्या, किती आहे?"

"यंत्राले मोजता येत नाही इतकी. सहाशेच्या वर. जीप बोलाव, वाशीमले नेऊ!"

दवाखान्यात निताच्या दोन्ही हातांना नळ्या लागल्या. तिची आई गंगू सोयाबीनच्या वावरातून तशीच आली होती. केसांत अजून कुटाराचा भुसा होता. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि विचारायला सुरुवात केली.

"हिला साखरेचा आजार कधीपासून?"

"तीन वर्षं झाले, बाई."

"इन्सुलिन?"

"दोन टाइम घेते. सकाळी चौदा, संध्याकाळी दहा."

"आज सकाळी घेतलं?"

"घेतलं म्हणे."

"बाटली कधी आणली होती?"

"अठरा दिवस झाले. तिनं तारीख लिवून ठेवली हाये बाटलीवर."

बाईंनी कागदावर हिशेब केला. "चारशे युनिटची बाटली. दिवसाला चोवीस. सोळा दिवसांत संपायला हवी. तुमची संपली?"

गंगूचा चेहरा उतरला. "नाई... काल पाह्यली मी. पाव तरी उरून होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग मुलीने सुया चुकवल्या. या वयात पोरी कंटाळतात. पण हिच्या आजारात ते चालत नाही. हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. बाहेरून मिळालं नाही, तर रक्तात आम्ल साचतं. पुढचे चोवीस तास काही सांगता येत नाही."

"पण ती घेत होती!" रेणू मधेच बोलली. "शाळेत जाताना मी थांबते तिच्यासाठी. रोज पाहते."

"संध्याकाळी पण पाहतेस?"

"संध्याकाळी नाही."

गंगू उठली, बेशुद्ध लेकीच्या पायाशी गेली आणि दात ओठ खाऊन म्हणाली, "खोटारडी! मले रोज सांगे, आई, घेतलं."

निता वाचली, तर हे ऐकणार. नाही वाचली, तर हाच शब्द तिच्यामागे राहणार.

रेणूला गेल्या महिन्यापासून वर्गात काही पटलं नाही की हात वर करायची सवय लागली होती, आणि तो हात आता खाली यायला तयार नव्हता. निता आळशी होती, भांडकुदळ होती, पण खोटारडी? तिने तर रेणूची कॉपी पकडून स्वतःच सरांना सांगितली होती!

बेबीताई निताजवळ थांबली. कपडे आणि आधारकार्ड आणायला गंगू निघाली, तिच्यासोबत रेणू. एसटीत खिडकीला डोकं टेकून रेणू आठवत बसली. या पंधरा-अठरा दिवसांत निता किती वाळली होती! तासाला दोनदा पाणी, दोनदा बाहेर. सर म्हणाले होते, "नळाशी लग्न लागलं का तुझं?" सगळा वर्ग हसला होता. रेणूसुद्धा.

आणखी एक आठवलं. गेल्या आठवड्यात दुकानाच्या पायरीवर निता म्हणाली होती, "रेणू, आताचं इन्सुलिन म्हंजे पाणी घातलेलं ताक. पैलं कसं घट्ट दिसे. आबा म्हणे, नव्या कंपनीचं असंच राह्यते."

आबा म्हणजे दौलतराव, निताच्या आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांचं किराणा दुकान, आणि दुकानात थंड बाटल्यांचा फ्रिज. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चालणारा. म्हणून निताची बाटली तिथेच असायची, खालच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीशेजारी; सुईही ती तिथेच घ्यायची.

चार वाजता दोघी बाटली पाहायला दुकानात पोचल्या. पोलीस पाटील शालिग्राम तिथेच चहा पीत होते. आबा गल्ल्यामागे बसले होते. भिंतीवर कॅलेंडरशेजारी त्यांचा रक्ताचा रिपोर्ट चिकटवलेला. चार दिवसांपूर्वीचा. 'उपाशीपोटी ११८' या ओळीला लाल गोल.

"कशी हाये पोरगी?" आबांनी विचारलं.

"डोळे उघडले नाई," गंगू म्हणाली.

"मी तं कवाचाच म्हणून राह्यलो. सुया कायले पाह्यजे एवढ्याशा पोरीले? माह्याकडं पाय. मागच्या दिवाळीपासून काढा घेतो. दोनशे साठची एकशे अठरा झाली. रिसोडहून लोक येतात काढ्यासाठी!"

"मंग परवा काहून थरथरत होते, दौलतराव?" शालिग्राम हसले. "काढ्याचं भाषण देता देता घामानं भिजले, अन् पोत्यातली मूठभर साखर तोंडात कोंबली."

"ऊन लागलं होतं बे."

रेणू फ्रिज उघडून निताची बाटली पाहत होती. पाव भरलेली होती. गंगू खोटं बोलली नव्हती. रेणूने ती दोन्ही तळव्यांत घोळवली, निता घोळवायची तशी. दहा वेळा. वीस वेळा. मग उजेडात धरली.

पलीकडचं कॅलेंडर स्वच्छ दिसत होतं.

तिने भिंतीवरचा रिपोर्ट वाचला. लाल गोलाच्या खालची ओळही वाचली. मग पायरीवर जाऊन आत्याला फोन लावला. "आत्या, डॉक्टरीणबाईले दोन गोष्टी विचार."

पाच मिनिटांनी ती आत आली.

"पाटीलकाका, चहा ठेवा खाली. काकू, तुम्ही पण ऐका. निताने एकही सुई चुकवली नाही."

"मंग बाटली कशी उरली?" गंगू म्हणाली.

"हीच बाटली सांगते. निताचं इन्सुलिन दुधाळ असतं. ठेवलं की पांढरं बुडाशी बसतं, घोळवलं की दूध होतं. सुया चुकवल्या असत्या, तर दूध उरलं असतं. इथे काय उरलं, पाहा." तिने बाटली गंगूच्या हातात दिली. "पाणी. कोणीतरी इन्सुलिन काढलं आणि पाणी भरलं. एकदा नाही, परत परत. कमी झालेलं दिसू नये म्हणून भरलं, अन् अंदाज चुकून जास्त भरलं. म्हणून अठराव्या दिवशी उरलं."

"फ्रिजले तं अख्खं गाव हात लावते," आबा म्हणाले.

"लावते. पण इन्सुलिन कोणाच्या कामाचं?" रेणू रिपोर्टकडे वळली. "आबा, लाल गोल तुम्ही एकशे अठराला केला. ती त्या एका सकाळची साखर. खालच्या ओळीत दहा पॉइंट नऊ आहे, तीन महिन्यांची सरासरी. बाई म्हणाल्या, साडेसहाच्या वर म्हणजे आजार, आणि दहा पॉइंट नऊ म्हणजे तीन महिन्यांतले बहुतेक दिवस साखर अडीचशेच्या आसपास. काढ्याने दिवाळीपासून उतरली असती, तर ही ओळ पण उतरली असती. तुमची साखर आत्ता-आत्ता उतरली. दोन-तीन आठवड्यांत. निताची चढली, तेव्हाच."

"दुसरं. तुम्ही साखरेची गोळी घेता, तिची चिठ्ठी आत्याच्या वहीत आहे. बाई म्हणाल्या, या नुसत्या गोळीने साखर एकदम पडून परवासारखा घाम, थरथर सहसा होत नाही. इन्सुलिन जास्त झालं की होते. अन् तिसरं, निताने बाटली पातळ झाल्याचं सांगितलं, तवा तुम्ही म्हणाले, नवी कंपनी. काकू, लेबल वाचा. जुनीच कंपनी आहे."

शालिग्राम उठले, फ्रिजपाशी गेले. लोणच्याची बरणी बाजूला केली. मागे डोळ्यांच्या औषधाची जुनी कुपी होती. त्यांनी ती हलवली.

कुपी दुधासारखी पांढरी झाली.

आबांनी डोक्यावरची टोपी काढून गल्ल्यावर ठेवली. "डॉक्टरनं मले सुई सांगितली होती," ते हळू म्हणाले. "लोक म्हणतात, सुई लागली म्हंजे माणूस संपला. काढ्यावाला दौलत सुई घेते, हे कळलं असतं तं कोन आलं असतं माह्या दारात? मले वाटलं, साखर ती साखर. तिची अन् माही एकच. पोरीले थोडी कमी पडली तं काय होते..."

"एक नाही, आबा." रेणूचा आवाज आता फाटला. "तुमच्या शरीरात इन्सुलिन बनते, पण पुरं लागू पडत नाही. तुमची साखर वाढत वाढत वर्षं जातात. तिच्यात बनतच नाही. इन्सुलिन नसलं, तर तिचे दिवस मोजलेले असतात. तुम्ही दवाखान्यात जाऊन मागितलं असतं, तर तुम्हाला मिळालं असतं!"

"आपल्या घरची पोरगी, काका," गंगू एवढंच म्हणाली. "तुमाले वाकून नमस्कार करून सुई घ्याची ती."

शालिग्रामांनी कुपी आणि बाटली रुमालात बांधली. "चला दौलतराव, रिसोडले. ठाण्यात."

आबा उठताना चाचरले. "पाटील... रात्रीची सुई..."

"मांगा तिथं. सगळ्यायसमोर मांगा."

ते गेल्यावर रेणूने भिंतीवरचा रिपोर्ट काढला. ठाण्यात तोही लागणार होता. तेवढ्यात फोन वाजला. बेबीताई. रेणूने आवाज मोठा केला.

"रेणे, डोळे उघडले तिनं. धोका टळला नाई म्हणतात बाई. उजवा हात हलवून नाई राह्यली. पण बोलली."

"काय बोलली?"

"आईले सांग म्हणे, मी सुई चुकवली नव्हती."

गंगूने फोन ओढून घेतला. मग ती दुकानाच्या पायरीवर बसली, ज्या पायरीवर निता रोज चप्पल काढायची.

"तिच्या कानाले लाव फोन, बेबे," ती म्हणाली. "मले माहीत हाये म्हणाव. खोटारडी मी व्हती. सहाच्या गाडीनं येऊन राह्यली मी, तवरोक जागी राय म्हणाव."