फ्लॅटऐवजी इतिहास

"तुम्ही व्हा पुढे."

मागच्या बाईंना मी असं म्हणाले, आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या रांगेतून तेच शब्द एका पुरुषी आवाजात ऐकू आले.

"तुम्ही व्हा ना पुढे."

मी वळून पाहिलं. उंच, सावळा, केस पावसाने कपाळाला चिकटलेले. त्याच्या हातात तपकिरी पाकीट होतं, माझ्याही हातात तपकिरी पाकीट. बँकेतल्या फी भरायच्या खिडकीपर्यंत आम्ही दोघं पोहोचत होतो, आणि ऐन वेळी कुणालातरी वाट करून देत होतो.

"फी भरायचीय ना तुम्हाला?" त्याने विचारलं.

"भरायचीय."

"मग?"

"तुम्हाला?"

"मलाही…" तो कसनुसं हसला. "मग?"

बाहेर मकनसा घोंगावत होती. आमच्या अलेक्झांड्रियात हिवाळ्यातल्या वादळांना नावं असतात, आणि हिला 'झाडणारी' म्हणतात, कारण ती आली की रस्ते झाडून निघतात — माणसांसकट. एवढ्यात दिवे मिचमिचले, आणि खिडकीमागच्या मादाम नाहेद यांनी शांतपणे चहाचा पेला उचलला.

"सिस्टीम बंद पडली. उद्या या. देवाची मर्जी."

रांग कुरकुरत पांगली. त्याने मोठा श्वास सोडला… मीही सोडला. आणि एकमेकांना पकडल्यासारखे आम्ही दोघंही खुदकन हसलो.

ट्रॅमच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघंच होतो. काचांवरून पाणी ओघळत होतं आणि त्यापलीकडे सगळं शहर विरघळल्यासारखं दिसत होतं — पिवळे दिवे, ओली ताडाची झाडं, दूरवर उसळणारा राखाडी समुद्र. दोघांपाशी रोकड, दोघांचा रस्ता एकच, म्हणून बरोबर निघालो, असं मी स्वतःला समजावलं होतं. त्याचं नाव हातेम, एवढं कळलं होतं. माझं लोबना, हे त्याला सांगून झालं होतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "पाकीट किती घट्ट धरलंय! काय आहे त्यात?"

"आईच्या बांगड्या."

"आवाज तर नोटांचा येतोय."

"कालपर्यंत बांगड्या होत्या."

त्याने पाकिटावरून नजर काढून घेतली. मला उगीचच वाईट वाटलं, म्हणून विचारलं, "आणि तुमच्यात?"

"दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि जिथून समुद्र दिसत नाही अशी एक गॅलरी."

"म्हणजे?"

"फ्लॅटची आगाऊ रक्कम भरली होती. काढून घेतली. कॉलेजात नाव घातलंय, संध्याकाळच्या वर्गाला. इतिहास."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आमच्याकडे मुलगा फ्लॅट घेतो तो राहायला नव्हे, लग्नाला घेतो. फ्लॅट नसेल तर मुलीच्या घरची पायरीसुद्धा चढू देत नाहीत. आणि हा माणूस… इतिहास!

"शिकून करणार काय?"

"माहीत नाही."

"नोकरी?"

"ती आहे. मालवाहू जहाजावर असतो."

"अरे वा, कप्तान!"

"आचारी," तो म्हणाला. "जहाज बंदराला लागलं की मी उतरायचो. पिरेअसला उतरलो, इस्तंबूलला उतरलो, जेनोआला उतरलो. सगळीकडे कांदे घेतले आणि परत चढलो. एक दिवस कांदे चिरता चिरता लक्षात आलं — एवढी जुनी जुनी गावं पाहिली, आणि मला त्यातलं काय माहीत आहे? तर कांद्याचा भाव!"

मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरून कंडक्टरने वर डोकावून पाहिलं.

"हसलात? माझी आई हे ऐकून रडली होती. अजून बोलत नाही माझ्याशी."

"पण हे पैसे काही परत यायचे नाहीत, कप्तान."

"नाहीच येणार."

"म्हणजे व्यवहार वाईट आहे."

"फारच वाईट. म्हणून तर खिडकीपाशी पाय उचलत नव्हता." मग माझ्याकडे तिरकं पाहून तो म्हणाला, "आणि डॉक्टरसाहेबांचा पाय का उचलत नव्हता?"

आमच्याकडे फार्मसी शिकणाऱ्यांनाही डॉक्टरच म्हणतात; माझ्या बॅगेतून डोकावणारा पांढरा कोट त्याने पाहिला असणार. अनोळखी माणसाला घरचं सांगू नये… पण पाऊस असा होता, काचा अशा धुरकट होत्या, की त्या डब्याबाहेर कुणी राहतंय असं वाटतच नव्हतं. मी सांगून टाकलं. बाबा टॅक्सी चालवतात. गावाकडची जमीन माझ्या पहिल्या वर्षात गेली, आता आईचं सोनं निघालंय. आणि एवढं करून शेवटी मी कुठल्यातरी औषधांच्या दुकानात उभी राहणार. माझ्या पुढच्या वर्गातल्या मुली उभ्या आहेतच. पगारातून ट्रॅमचं तिकीट आणि एखादी लिपस्टिक सुटते.

"सोडून द्यावंसं वाटतं," मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते.

तो म्हणाला नाही की सोडू नका, किंवा सोडा. फक्त म्हणाला, "थंडी वाजतेय तुम्हाला. बाकोसला उतरल्यावर कोपऱ्यावर सहलब मिळतं." आणि तिथे त्या घट्ट, गरम दुधाचा पेला माझ्या हातात देताना त्याची बोटं जरा… जरा जास्तच वेळ रेंगाळली. वाफेला दालचिनीचा वास होता. मी पेल्यातच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने फी भरली. मी खांबाला टेकून पाहत होते. पावती घेऊन तो आला तेव्हा त्याचा चेहरा शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखा झाला होता.

"तुम्ही?"

"मी आज घरी बोलणार आहे."

बोलले. बाबा नुकतेच गाडी लावून आले होते, मोजे काढत होते. मी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं एका दमात सांगितलं — बाबा, हे वसूल होणार नाही, बांगड्या परत घेऊया, मी उद्यापासून काम शोधते.

मला वाटलं, ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. हातातला मोजा घडी घालत बसले.

"माझ्या गाडीत दिवसभर माणसं बसतात," ते म्हणाले. "मोठमोठं बोलतात. हा कायदा, तो आजार, अमक्या देशाचं असं झालं. मी आरशातून बघतो आणि मान डोलावतो. कळत काही नाही. जन्मभर न कळता मान डोलावली, लोबना. माझ्या मुलीने डोलावू नये. एवढ्यासाठी मी पैसे मोजतोय. तुला महाग वाटतं? मला नाही वाटत."

"पण आईच्या…"

"शिकण्यात गेलेल्या पैशाला बुडाला म्हणायचं नाही या घरात. मी ऐकून घेणार नाही."

आई दारात उभी होती. उघड्या मनगटावरून हात फिरवत होती.

शेवटी मी एक अट घातली. फी भरते, पण घरातलं आता काहीही विकायचं नाही. दुपारनंतर मी आमच्या चौकातल्या औषधांच्या दुकानात काम करीन, वर्ष लांबलं तर लांबू दे. बाबांनी बरंच तोंड वाकडं केलं आणि मग मान डोलावली. या वेळी मात्र त्यांना सगळं कळलं होतं.

मग तो उरलेला हिवाळा… तसा हिवाळा पुन्हा कधी आला नाही.

हातेमचा वर्ग सुटायचा तेव्हा माझं दुकान सुटायचं. कोर्निशवर, म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्यावर, समुद्राच्या बाजूला सिमेंटचे मोठाले ठोकळे आहेत, तिथे आम्ही बसायचो, मध्ये त्याची पुस्तकं ठेवून. तो वर्गात शिकलेलं मला सांगायचा आणि अर्ध्याहून जास्त चुकायचा.

"थांब, तो राजा आधी मेला की त्याचा मुलगा?"

"तुला विचारलंय परीक्षेत, मला नाही."

"डॉक्टर, दया करा."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. लाटा फुटायच्या, बारीक तुषार अंगावर यायचे आणि तो आधी पुस्तकांवर जाकीट टाकायचा, मग ओशाळून ते उचलून माझ्या खांद्यावर ठेवायचा.

"पुस्तकं भिजतील की."

"भिजू देत. पुढच्या वर्षी पुन्हा हेच शिकायचंय बहुतेक."

दुकानात एक म्हातारी यायची. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली एकच गोळी ती दोन नावांनी खात होती. मी तिला थांबवलं, तिच्या लेकाला बोलावून समजावलं. त्या संध्याकाळी मी हातेमला हे सांगत होते, सांगतच होते… आणि तो गालावर हात ठेवून नुसता माझ्याकडे बघत होता.

"काय बघतोस?"

"काही नाही. सोडून देणार होती म्हणे एक मुलगी."

"पगार अजून लिपस्टिकपुरताच आहे हं."

"लिपस्टिक छान आहे," तो म्हणाला, आणि लगेच समुद्राकडे पाहायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

मार्च उजाडला, हातगाड्यांवर स्ट्रॉबेरी आल्या. एका संध्याकाळी कागदी पुडीतली एकेक स्ट्रॉबेरी तो मला देत होता आणि स्वतः खात नव्हता.

"काय झालं?"

"परीक्षा संपली की जहाजावर जातोय. पुढच्या वर्षाची फी…" तो थांबला. "सप्टेंबरात येईन."

"बरं."

"बरं? एवढंच?"

"मग काय म्हणू? तू काही म्हणालास का आजवर?"

त्याने पुडीची कडा दुमडली, पुन्हा उलगडली.

"मी काय म्हणणार, लोबना? तुझे वडील विचारतील, फ्लॅट कुठाय? मी काय दाखवू — गुणपत्रिका? तीही धड नाही." त्याने पुडी बाजूला ठेवली. "रोज घरी जाताना ठरवतो, उद्या हिला सांगायचं की मला… आणि रोज वाटतं, कुठल्या तोंडाने?"

"की तुला काय?"

"तुला माहितेय."

"नाही माहीत. नीट सांग. अर्धवट उत्तराला गुण नाहीत."

त्याने सांगितलं. अगदी हळू, समुद्राला ऐकू जाऊ नये इतकं हळू. मी शेवटची स्ट्रॉबेरी त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "शुक्रवारी घरी ये. बाबांची सुटी असते."

शुक्रवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा खोका, चेहरा पांढराफटक. आईने चहा ठेवला. बाबांनी त्याला आपादमस्तक पाहून घेतलं.

"काम?"

"जहाजावर आचारी आहे, काका. आणि शिकतोय. इतिहास."

"फ्लॅट?"

"नाही."

"घ्यायचाय?"

"आगाऊ रक्कम भरली होती. पैसे परत काढले."

"अरे! कशाला काढले?"

"फीला, काका."

बाबांचा पेला हवेतच राहिला. "घराच्या पैशांची फी भरलीस? इतिहासाची? पोटाला काय देणार तो इतिहास? वाळूत ओतलेस पैसे! बुड—"

ते थांबले. आईने टीपॉयवर साखरेचं भांडं जरा जोरात ठेवलं होतं.

"बोला ना," ती शांतपणे म्हणाली. "शिकण्यात गेलेल्या पैशाला काय म्हणायचं नाही या घरात? माझ्या बांगड्या गेल्या तेव्हा मी ऐकून घेतलं. आज या मुलाला का वेगळं ऐकवताय?"

"तिचं वेगळं आहे. ती डॉक्टर—"

"न कळता मान डोलावू नये माणसाने, असं म्हणाला होतात. ते फक्त फार्मसीवाल्यांनी का?"

खालच्या गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. बाबा आईकडे बघत होते. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही. हातेमच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते, तरी तो बसल्या जागेवरून हलला नाही.

"काका," तो म्हणाला, "फ्लॅट घेईन. उशीर होईल, पण घेईन. लोबनाचं शिक्षण पुरं होईपर्यंत मी घाई करणार नाही. पण त्या पैशांबद्दल मला पस्तावा झालाय असं मी खोटं सांगणार नाही."

बाबांनी चहाचा घोट घेतला, खोका पुढे ओढला, उघडला, रव्याच्या बस्बूशाची एक वडी उचलली आणि बराच वेळ चघळत बसले.

"पास तरी होशील का?" त्यांनी विचारलं.

"लोबना घेते माझा अभ्यास."

"हूं." त्यांनी बोटांवरचा पाक चाटला. "दोघांचाही अभ्यास माझ्याच पोरीच्या डोक्यावर. सप्टेंबरात परत ये. येताना तुझ्या आईला घेऊन ये. तेव्हा फातिहा वाचून लग्न पक्कं करू."

आईने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. ती हसत होती की रडत होती, देव जाणे.

हातेम निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबाच म्हणाले, चला, पोराला शहर दाखवू. हातेमला त्यांनी पुढे स्वतःशेजारी बसवलं, मला मागे. खिडकीतून वारा येत होता, खारा आणि उबदार, आणि समुद्रावर शेवटचं केशरी ऊन पसरलं होतं.

"हं, मास्तर," बाबा म्हणाले, "इतकी वर्षं या रस्त्यावर गाडी हाकतोय. सांग, इथे पूर्वी काय होतं?"

आणि हातेम सांगू लागला. पाण्याखाली गेलेले महाल, दगडी बंदर, दूरच्या जहाजांना दिसणारा दीपस्तंभाचा दिवा. राजांची नावं त्याने दोनदा उलटसुलट केली. मी एकदाही चूक सुधारली नाही. बाबांनी गाडीचा वेग कमी केला होता. मागचे भोंगे वाजवत होते आणि ते मात्र रस्त्याकडे असं बघत होते, जणू आज पहिल्यांदाच या गावात आलेत.

"मग? मग त्या दिव्याचं काय झालं?"

"भूकंप झाला, काका…"

बोलता बोलता त्याचा उजवा हात सीट आणि दाराच्या फटीतून हळूच मागे आला. तळहात उघडा. मी आरशाकडे पाहिलं. मग मी माझा हात त्यात ठेवला. खरखरीत, गरम हात — सप्टेंबरपर्यंत जपून ठेवावा असा.

"दोन्ही हात पुढे दिसू देत, मास्तर," बाबा रस्त्यावरची नजर न हटवता म्हणाले. "आणि भूकंपाचं सांग. थांबू नकोस."

तो भूकंपाचं सांगत राहिला. हात काही मी सोडला नाही.