काजूवरचा आठवा डबा

मी थापाड्या आहे, हे वाडीत कुणी नाकारत नाही, मीही नाही. पण यातले आकडे माझे नाहीत. ते कुडाळच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सारिकाच्या डब्यांचे आहेत.

डबा साबणाच्या वडीएवढा. आत इवलासा पंखा आणि एक सिमकार्ड. हवेतली डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ मोजायची आणि आकडा मोबाइलवर पाठवायचा, एवढंच त्याचं काम. सारिकाने आमच्या सात स्वयंपाकघरांत असे डबे लावले. पहिला आमच्याकडे, कारण माझी बायको सुभद्रा. घरात गॅस आहे, पण पेज चुलीवरचीच. चाळीस वर्षं नारळाच्या सोडणांचा धूर गिळून तिची छाती शिटीसारखी वाजायची. डॉक्टर म्हणाले होते, धूर थांबला नाही तर वर्ष काढणं कठीण. सकाळी सहाला चूल पेटली की आमचा आकडा चारवरून थेट पावणेदोनशेवर. मी मोबाइल तिच्यासमोर धरायचो. ती म्हणायची, "त्या डब्याक इचारा, पेज काय त्याचो बापूस रांधतलो?"

मार्गशीर्षात गावपळण आली. दर तीन वर्षांनी आमचा आख्खा गाव गुरं, कोंबड्या, मांजरांसकट वेशीबाहेरच्या माळावर माडाच्या झापांच्या खोपटांत जाऊन राहतो. तीन दिवस गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी देवाने उजवा कौल दिला तरच परतायचं. सारिकाने बरोबर न्यायला आठवा डबा दिला, छोट्या सोलर पट्टीचा. मी तो माळावरच्या काजूला टांगला.

तिन्ही दिवस आकडे शहाण्यासारखे वागले. ओस गावातले सातही डबे चारवर; काजूवरचा माळावरच्या चुलींबरोबर सकाळ-संध्याकाळ वर. सुभद्रेची छाती मात्र माळावरच्या दवाने पार आवळली.

चौथ्या दिवशी वेशीवरच्या पाषाणाला फुलांच्या कळ्या लावल्या. उजवीकडची पडली की परवानगी. दुपार कलली तरी कळी हलेना. न पडल्यास आणखी मुक्काम. सुभद्रा झाडाला टेकून, तोंड उघडं ठेवून बसली होती. मी कौल लावणाऱ्या परशुराम गुरवाजवळ सरकलो.

"परशुराम, ती आजची रात काढूची नाय रे."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. उजव्या कळीला नुसती करंगळी लावली. कळी पडली, ढोल वाजला, गाव परतला. त्या गडबडीत डबा काजूवरच राहिला.

संध्याकाळी सुभद्रेने चूल पेटवली. धूर कौलांपर्यंत चढला. ती खोकली नाही.

डबा चारवर.

मला वाटलं, बिघडला. पण वाडीतले सातही डबे चारवर होते. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. काजूवरचा मात्र रोज सकाळी सहाला चढत होता. सहाव्या दिवशी पहाटे उठून मी माळावर गेलो. खोपटं मोडून पडलेली, चुलींचे दगड गार, त्यांवर दव. धुराचा वाससुद्धा नाही. हातातल्या मोबाइलवर आकडा चढत होता. साठ. एकशे वीस. पावणेदोनशेला थांबला.

मी सारिकाला बोलावलं. ती नवाकोरा डबा घेऊन आली. स्वयंपाकघरात तिने उदबत्ती पेटवली. एकशे साठ. विझवली, दार उघडलं, आकडा चारवर येऊ दिला. मग त्याच पुड्यातली उदबत्ती सुभद्रेने पेटवली. धूर डब्यावरून सरळ वर गेला.

चार.

मी पेटवली. चार.

"काका, डबा बरोबर आहे," सारिका म्हणाली. केलेला चहा तिने घेतला नाही. डबाही इथेच ठेवून गेली.

सुभद्रा आता दोन-दोन कळश्या घेऊन विहिरीवरून येते. शिटी नाही, धाप नाही. वाडीत कुणीच खोकत नाही. परशुराम मला बघितलं की वाट बदलतो.

काल दुपारी ती ओटीवर पडली होती. मी शेजारी बसलो आणि तिच्या नाकाखाली हात धरला. बराच वेळ धरला.

तिने डोळे उघडले नाहीत.

"माझो श्वास बघून झालो?" ती म्हणाली. "आता तुमचो बघा."

मी अजून बघितलेला नाही.