आत्याचा फोन वाजू द्या

माझा फोन मी दारातच बंद केला होता. आत्याचा नव्हता केला. मुद्दाम!

तिची शोकसभा होती. मोठ्या काकांनी माइकवरून बजावलं होतं, "मोबाइल बंद ठेवा." मला घरीच सांगून झालं होतं, "तिचा नंबरही उद्या बंद करून टाकू. उगाच कशाला?" उगाच? त्या फोनची रिंग म्हणजे आत्याचा स्वतःचा आवाज होता! माझ्याकडे तेवढाच उरला होता.

सगळे श्रद्धांजलीला स्तब्ध उभे राहिले... आणि माझ्या पर्समधून आत्या कडाडली, "अगं ए भवाने, उचल की! कान फुटले का?"

काका लालबुंद झाले. "बंद कर तो!"

"नाही करणार." मी सरळ उचलला.

"मॅडम, साउंडवाला बोलतोय," पलीकडून घाबरा आवाज आला. "हॉलच्या बुकिंगला तुम्ही हाच नंबर दिला होतात. माइक गेलाय वाटतं... हेडफोनमध्ये काहीच येत नाहीये!"

मी मागे पाहिलं. काचेच्या केबिनमध्ये एक उंच मुलगा पाठमोरा उभा राहून बटणं फिरवत होता.

"अहो, माइक नाही गेला. आम्ही गप्प उभे आहोत!"

"...मेलो."

मला हसू फुटलं. आत्या गेल्यापासून पहिल्यांदाच. मग रडूही आलं.

सभा संपल्यावर काका जिन्यात हात पुढे करून उभे. "दे तो फोन. लोक काय म्हणतील?"

"देणार नाही. नंबर माझ्या नावावर करून घेतेय. आणि आत्याने कधी विचारलं होतं लोकांना?"

तेवढ्यात तो धावत आला, हेडफोन गळ्यातच. "काका, चूक माझी आहे. काय बोलायचं ते मला बोला, त्यांना नको."

काका तणतणत खाली उतरले.

"आता कुणी फोन करणार नाही तिला," मी म्हणाले. "म्हणजे रिंगमधला तिचा हा आवाजही..."

"मी करेन की! रोज संध्याकाळी. तुम्ही उचलू नका, नुसतं वाजू द्या."

"आणि उचलला तर?"

त्याचे कान लाल झाले. "तर — मेलोच!"

त्याने खरंच केला. रोज. आत्या ओरडायची, मी डोळे मिटून ऐकायचे आणि तो बिचारा रिंग संपेपर्यंत थांबायचा.

महिन्याभराने त्याच हॉलमध्ये आत्याच्या फोटोचं अनावरण होतं. संध्याकाळ झाली, काकांचं भाषण संपेना. मी वळून पाहिलं. केबिनमध्ये तो फोन हातात धरून काकांकडे बघत बसला होता. घाबरट! मी आत्याचा फोन सगळ्यांसमोर उंच धरला. त्याने डोळे मिटून नंबर लावला.

"अगं ए भवाने —"

मी उचलला.

"आज पूर्ण वाजू नाही दिलात?"

"नाही. आज तुझा आवाज ऐकायचा होता मला. रोज ऐकायचाय. कळलं?"

केबिनमध्ये काहीतरी धाडकन पडलं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. बघू दे!

काका स्टेजवरून उतरून थेट माझ्यापुढे आले. मी फोन छातीशी घट्ट धरला.

"ठेव तो," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चिरकला. "आणि त्या कार्ट्याला सांग, परत लाव म्हणावं. या वेळी मध्येच उचलू नकोस... बहीण होती माझी."