कुमुदमावशींची अडकलेली बॅटरी

"ढकला! आणखी जोरात! आता लागतेय बघा!"

मल्हारगंजातल्या त्या अरुंद बोळात सकाळी सकाळी असा गलका झाला, की दोन्हीकडच्या खिडक्यांतून माणसं डोकावू लागली. डॉक्टर कुमुदिनीबाईंची जुनी विलायती मोटार बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेली गेली. मागून यशोधरा, अच्युत आणि पमी दात-ओठ खाऊन रेटत होती. त्यांच्यामागे पहिलवानी अंगाचे बाबूराव ठेकेदार होते. पण मोटार काही फुरफुरेना!

"हँडल मारून झालं, ढकलून झालं," अच्युत धापा टाकत म्हणाला. "मावशी, हिची बॅटरी मेलीये. ठिणगीच पडत नाही तर इंजिन कसं लागणार?"

यशोधरा याच बोळात राहायची. अच्युत म्हणजे तिचा आतेभाऊ. मे महिन्याच्या सुट्टीत उज्जैनहून आलेला. पमीचं खरं नाव प्रमोदिनी. ती शेजारच्या घरातली, वयानं सगळ्यांत लहान आणि आवाजानं सगळ्यांत मोठी!

कुमुदमावशी गाडीतून उतरल्या. एरवी त्या कधी घाबरत नसत, पण आज त्यांचा चेहरा उतरला होता. मागच्या बाकावर भुशात बर्फ घालून एक पेटी ठेवलेली होती. तिच्यात हैजाची, म्हणजे कॉलऱ्याची, लस होती. खजराण्याच्या पुढे, पार लांब, बरखेडी नावाच्या गावात हैजा सुरू झाला होता. ही लस आज तिथे पोचायलाच हवी होती.

"टांग्यानं गेलं तर?" पमीनं विचारलं.

"कच्चा रस्ता आहे गं. पोचेपर्यंत दिवस मावळेल. या उन्हात बर्फ तोवर टिकतोय कुठला?" मावशी म्हणाल्या. मग त्यांनी हाक मारली, "लक्ष्मीकांत! ही बॅटरी काढ पाहू. दुसरी कुठून तरी मिळवून बसवू."

लक्ष्मीकांत हा मावशींचा पुतण्या. कॉलेजात शिकत होता आणि मोटारीतलं आपल्याला सगळं कळतं असं सगळ्यांना सांगत फिरत होता. त्यानं गाडीत वाकून पायाखालची फळी उचलली, आत पाहिलं आणि घाईघाईनं ती परत बसवली.

"अडकलीये, काकू! पूरी जाम! हिला हात लावायचाच नाही. गॅरेजात टाकावी लागेल. आठ दिवस तर सहज जातील."

"आठ दिवस!" मावशी मटकन पायरीवर बसल्या.

"अरे, गॅरेज कशाला पाहिजे, भिया?" बाबूरावांनी बाह्या सरसावल्या. "आमच्या घरी पहार आहे. दोन ठोके मारले की बाहेर येते की नाही बघा!"

ते पहार आणायला गेलेसुद्धा! यशोधरा मात्र फळीकडे टक लावून पाहत उभी होती. तिच्या डोक्यात काहीतरी सलत होतं.

"अच्युत, पमी, इकडे या," तिनं दोघांना गाडीमागे ओढलं. "ही बॅटरी नवी आहे. पाडव्याच्या आसपास बसवली ना, तेव्हा मी इथेच होते. माझी केसांची पिन त्या खोक्यात पडली. मी बॅटरीच्या कडेनं हात घालून ती काढली होती. कळलं? हात घालून!"

"मग?" अच्युत म्हणाला.

"मग काय, बुद्धू! जिच्या कडेनं माझा हात जात होता, ती दोन महिन्यांत अडकेल कशी? बॅटरी काय जेवून जाडी होते?"

पमीचे डोळे विस्फारले. "म्हणजे... ही ती नाहीच?"

"हळू बोल! मलाही तसंच वाटतंय. आणि लक्ष्मीकांतभियांनी फळी किती घाईनं झाकली, पाहिलंस ना? ती बाहेर काढल्याशिवाय खरं काय ते कळायचं नाही. पण बाबूरावकाकांची पहार बसली तर ती फुटेल. आतलं ॲसिड कुणाच्या अंगावर उडालं म्हणजे?"

यशोधराचे वडील तारखात्यात होते. तिथल्या बॅटऱ्यांची निगा कशी राखतात ते तिनं कितीदा तरी पाहिलं होतं. ती सरळ मावशींसमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, आम्ही काढतो. फक्त मी सांगेन तसं सगळ्यांनी करायचं!"

मावशींनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "डोळे आणि हात सांभाळशील?"

"तुमचे रबरी हातमोजे द्या. आणि चष्मा!"

"काकू, पोरांच्या हातात कुठे देता!" लक्ष्मीकांत पुढे झाला. "उगाच काहीतरी होऊन बसेल..."

"भिया, बर्फ वितळतोय!" पमी एवढ्या जोरात ओरडली की तो दचकला. "तुमच्याशिवाय चांगला बर्फ कोण आणणार? मोठी लादी हवी! पळा ना!"

मावशींनीही मान हलवली. आता नाही कसं म्हणणार? लक्ष्मीकांत मागे वळून वळून पाहत गेला. तेवढ्यात पहार खांद्यावर टाकून बाबूराव हजर झाले!

"काका, बरं झालं आलात!" यशोधरा म्हणाली. "गाडी घसरली तर आमचं काही खरं नाही. पुढून तुमच्यासारख्या दणकट माणसानं तिला धरून ठेवायला हवं. दोन्ही हातांनी हं!"

बाबूरावांची छाती फुगली. त्यांनी पहार भिंतीला टेकवली आणि गाडीला घट्ट मिठी मारली. पमीनं तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसू आवरलं. तरीही यशोधरानं चारी चाकांना विटा लावून घेतल्याच.

फळी उचलली. खाली लोखंडी खोक्यात बॅटरी गच्च बसली होती. तिच्या दोन्ही टोकांवर हिरवट-पांढरा बुरा चढला होता.

"दोन महिन्यांत एवढा बुरा?" अच्युत पुटपुटला.

"लक्षात ठेव!" यशोधरा म्हणाली. तिनं कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तो बुऱ्यावर बेतानं ओतला. चर्रर्र! पांढराशुभ्र फेस उसळला. फडक्यानं पुसल्यावर खालचे नट दिसू लागले. अच्युत पाना घेऊन सरसावला.

"थांब! आधी ही तार. ही गाडीच्या अंगाला जोडलेली आहे. ती सुटली, की पाना कुठेही टेकला तरी ठिणगी उडणार नाही."

नट कुरकुरत फिरला. तारेचं कडं मात्र हलेना. अच्युतनं हातोडी उचलली, तसा यशोधरानं त्याचा हात धरला. कड्याच्या फटीत पेचकस घालून तिनं तो हळूच पिळला. फट रुंदावली आणि कडं अलगद वर आलं. दुसरंही तसंच निघालं.

"आता ओढा!"

तिघांनी ओढलं. बॅटरी तसूभरही हलली नाही.

"अगं, इथे लाकूड आहे!" पमी पालथी पडून आत पाहत होती. "कुणीतरी पाचर ठोकलीये!"

खरंच! बॅटरी आणि खोक्याच्या मध्ये लाकडाची पाचर होती आणि भिजून चांगलीच फुगली होती. पकडीनं ओढली तर तिचे तुकडेच हातात येत.

"तुकडेच येऊ देत!" यशोधरा म्हणाली. तिनं पटाशीनं पाचर उभी चिरली. मग एकेक ढलपी काढत गेली. घाम डोळ्यांत उतरत होता, चष्मा नाकावरून घसरत होता. शेवटची ढलपी निघाली. पुन्हा ओढलं... नाहीच!

"झालं का गं?" पुढून बाबूरावांचा केविलवाणा आवाज आला. "कंबर धरली माझी!"

अच्युत वैतागून खाली बसला. "वरून धरायलाच जागा नाही. कशाला धरून ओढणार?"

यशोधरा थबकली. वरून नाही? मग... ती पटकन रस्त्यावर आडवी झाली आणि गाडीखाली डोकावली. खोक्याला तळ नव्हता! बॅटरी नुसत्या दोन लोखंडी पट्ट्यांवर बसली होती आणि मधे चांगली मोकळी जागा होती.

"अच्युत! गाडीचा जॅक काढ! पमी, पाट आण, छोटा, सपाट!"

पट्ट्यांच्या मधून पाट बॅटरीच्या तळाला लावला, पाटाखाली जॅक. अच्युत दांडा फिरवू लागला. कर्र... कर्र... जॅक चढत गेला. पाट करकरला. यशोधरानं बॅटरीच्या कडांनी आणखी सोड्याचं पाणी सोडलं.

"हळू! आणखी थोडं! हळू!"

टण्ण! आत काहीतरी सुटल्याचा आवाज झाला आणि बॅटरी एकदम बोटभर वर उचलली गेली!

"आली! आली!" पमीनं बोळ दणाणून सोडला.

मावशींनी बाजेची रुंद नेवारपट्टी आणून दिली. ती बॅटरीखालून घेतली, बांबूला बांधली आणि यशोधरा-अच्युतनं बांबू खांद्यावर घेतला. "हेऽऽ हुप्प!" बॅटरी बाहेर आली. बाबूराव गाडी सोडून धावत आले.

पमीनं ओल्या फडक्यानं बॅटरी पुसली. बाजूवर लाल रंगानं रंगवलेली अक्षरं दिसू लागली. तिनं मोठ्यानं वाचलं, "मधुर ध्वनी लाऊडस्पीकर, सराफा!"

नेमका त्याच वेळी बर्फाची लादी घेऊन लक्ष्मीकांत बोळात शिरला. बॅटरी बघून त्याच्या हातातली लादी निसटता निसटता राहिली.

"लक्ष्मीकांत," मावशी शांतपणे म्हणाल्या, "माझी बॅटरी कुठे आहे?"

"काकू... मित्राच्या बहिणीचं लग्न आहे. लाऊडस्पीकरवाल्याची बॅटरी ऐन वेळी बसली. मी म्हटलं, रात्रीपुरती आपली देऊ. कुणाला कळू नये म्हणून त्यांची इथे ठोकून बसवली. उजाडताच परत आणणार होतो, पण ते लोक सोडेनातच!"

"आणि माझ्या पेटीतला बर्फ इथे वितळत बसला!"

लक्ष्मीकांतनं खाली पाहिलं.

"रागवायला नंतर वेळ आहे, मावशी!" यशोधरा म्हणाली. "चला, भिया, मांडव दाखवा!"

मावशी नवा बर्फ पेटीत भरायला थांबल्या आणि बाबूरावांनी हातगाडी मिळवली. जुनी बॅटरी तिच्यावर टाकून सगळी वरात सराफ्याकडे धावत सुटली. मांडवात सनई कर्कश वाजत होती. लाऊडस्पीकरवाल्यानं चिमुकल्या फौजेकडे पाहून हात झटकले. "अभी नहीं! दुपारी या. पाहुणे जेवतायत, बंद कसा करू?"

लक्ष्मीकांतनं विनवून पाहिलं. अच्युतनं भांडून पाहिलं. त्या गडबडीत पमी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. एकाएकी सनई थांबली आणि भोंग्यातून साऱ्या सराफ्यावर तिचा आवाज घुमला!

"ऐका हो ऐका! हा लाऊडस्पीकर डॉक्टरबाईंच्या मोटारीच्या बॅटरीवर चाललाय! बरखेडीत हैजा झालाय, लस बर्फात आहे आणि बर्फ वितळतोय! आमची बॅटरी द्या हो!"

पंगतीतले हात ताटातच थांबले. नवरीचे वडील चिंतामणराव धावत आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि स्वतःच तारा उपटून टाकल्या. "न्या, पोरांनो, न्या! सनईवाल्यांच्या छातीत जोर आहे, भोंग्यावाचून आमचं लग्न अडत नाही!"

मांडवात हशा आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

मावशींची बॅटरी खोक्यात अलगद बसली. यशोधरानं कडेनं हात घालून पाहिला, सहज गेला! रात्रभर वाजवून बॅटरी थकली होती, पण ठिणगीपुरता जीव तिच्यात शिल्लक होता. बाबूरावांनी हँडलला हात घातला. एक झटका... दुसरा... आणि मोटार फुरफुरली, खोकली, धडधडू लागली!

"बसा आत!" मावशी ओरडल्या. "लक्ष्मीकांत, तू मागे. पेटी मांडीवर घे आणि गाव येईपर्यंत हलवू नकोस!"

ऊन उतरायच्या आत ते बरखेडीला पोचले. पेटी उघडली तेव्हा बर्फाचा मुठीएवढा खडा अजून शिल्लक होता. लस गार होती! वडाखाली रांग लागली. पमीनं रडणाऱ्या पोरांना गोष्टी सांगितल्या, अच्युतनं पाणी उकळलं. लक्ष्मीकांतनं तर सगळ्यांत आधी स्वतःचा दंड पुढे केला, ते बघून मागे राहिलेली चार माणसं धीरानं पुढे आली. शेवटच्या म्हातारीला टोचून झालं, तेव्हा मावशींनी कपाळावरचा घाम पुसला.

"आज दोन तास उशीर झाला असता ना," त्या गावच्या पाटलांना म्हणाल्या, "तर मी रिकाम्या हातानं आले असते. ही लस मी नाही, या तिघांनी आणलीये."

पाटलांनी तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. यशोधरानं आपले काळे झालेले हात पाठीमागे लपवले, तर मावशींनी ते मुद्दाम ओढून सगळ्यांना दाखवले!

परतताना गाडी सुरू करण्याआधी मावशींनी पाना, पक्कड आणि पेचकसाची पिशवी यशोधराच्या मांडीवर ठेवली.

"आजपासून ही तुझ्याकडे. या गाडीची फळी तुला विचारल्याशिवाय कुणी उचलायची नाही. ऐकलंस, लक्ष्मीकांत?"

"ऐकलं, काकू." लक्ष्मीकांत हसला आणि त्यानं यशोधरापुढे हात जोडले. "उस्ताद, मलाही शिकवाल ना?"

"शिकवीन की!" यशोधरा ऐटीत म्हणाली. "पण आधी खाली उतरा आणि हँडल मारा!"