माझ्याकडे तर होत नाही

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, तुमच्या विश्वासाचं मला लोणचं घालायचं नाही.

अशा पेजवरच्या गोष्टींना मी आजवर फक्त हसत आलोय. उलटे पाय, रडणारी कुत्री, आपोआप उघडणारं दार... सगळा फालतूपणा. माझ्या गोष्टीत अमावस्या नाही. भर दुपार होती आणि मी वहिनींच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसलो होतो.

मी सॉफ्टवेअरमधले बग काढतो. कुणी तक्रार आणली की आमचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "माझ्याकडे तर होत नाही." बहुतेक लोक तिथेच गप्प बसतात.

दादाही याच धंद्यातला. त्याच्याकडे तळहातावर मावणारा लिनक्सचा कॉम्प्युटर होता. त्यावर त्याने एक प्रोग्राम लिहिला होता. घरच्या कुणाचा फोन वायफायला जोडला गेला की तो 'टिंग' करायचा आणि स्क्रीनवर नाव यायचं... 'घरात'. फोन लांब गेला की 'बाहेर'. कोड म्हणजे नुसती ठिगळं. मी तोंडावर सांगायचो.

मार्चमध्ये दादा ट्रकखाली गेला. फोनचाही चुरा झाला.

तरीही रोज...

टिंग.

'दादा: घरात'.

वहिनींनी तेच धरून ठेवलं. पुतणी त्यांना न्यायला आली तर म्हणायच्या, "ते घरी आहेत. त्यांना टाकून कशी येऊ?" जेवण सुटलं होतं. एकदा गॅस तसाच चालू राहिला आणि शेजाऱ्यांना वास आला म्हणून निभावलं.

पुतणी माझ्याजवळ रडली. "काका, ते यंत्र नीट करा. नाहीतर आईसुद्धा जाईल."

मला दादाचाच राग आला. जुनी नोंद पुसायची राहिली असणार, शेंबडं पोरही सांगेल.

नोंद पुसली. मशीन पुन्हा चालू केलं.

टिंग... 'दादा: घरात'.

वायफायचा राउटरच बंद केला.

टिंग.

स्पीकरची वायर उपटली...

टिंग.

"भावजी, चहा ठेवू का?" वहिनी दारात उभ्या होत्या. "दोघांनाही?"

"वहिनी, काहीतरीच काय बोलता! कोडच कचरा आहे हा."

"त्यांच्यासमोर नका असं म्हणू," त्या म्हणाल्या. "तुमचं नेहमीचंच आहे."

होतं खरं नेहमीचंच. खोटं कशाला बोलू?

शेवटी मेमरी कार्डच काढलं. नवं कार्ड, नवी सिस्टीम, दादाची एकही ओळ त्यात नाही. मग स्क्रीनकडे बघत बसलो.

काही नाही. संध्याकाळ झाली, तरी काही नाही.

वहिनींनी ती कोरी स्क्रीन बराच वेळ पाहिली. "बाहेर गेले वाटतं," म्हणाल्या आणि बॅग भरायला लागल्या. मी फोन केला तशी पुतणी आली आणि त्यांना तेव्हाच घेऊन गेली.

मी जिंकलो होतो. दादाचं कार्ड कात्रीने कापून टाकलं. यंत्राची बॅटरी काढून खिशात घातली, यंत्र बॅगेत टाकलं आणि घरी आलो. मी एकटाच राहतो.

दार उघडलं. दिवा लावला. बॅग टेबलावर ठेवली.

बॅगेतून...

टिंग.

मी खिसा चाचपला. बॅटरी खिशातच होती. यंत्र बॅगेतून बाहेर काढलं, तर स्क्रीन चालू.

'दादा: घरात'.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होत्या. इतका शांत आवाज त्यांचा कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"भावजी, आज पोटभर जेवले मी. आता झोपते." मग जरा थांबून, "ते पोचले ना तुमच्याकडे?"

यंत्र घरी आणल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

स्क्रीनवरचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणालो, "पोचला."

तेव्हापासून त्या रोज विचारतात आणि मी रोज हेच सांगतो. नाही म्हटलं तर त्या उठून पुन्हा त्या घरात जातील. म्हणून यंत्र टेबलावरच आहे. मी आता दादाच्या कोडला मोठ्याने नावं ठेवत नाही.

कमेंटमध्ये अक्कल पाजळू नका. तुम्हाला सुचेल ते सगळं माझं करून झालंय. आणि कुणी शहाणा लिहिणारच असेल की माझ्याकडे तर होत नाही...

तर बाबा, तू सुखी आहेस. माझ्याकडे होतं. आत्ता हे लिहिताना, माझ्या पाठीमागच्या खुर्चीवर कुणीतरी बसल्याचा आवाज झाला.