अभयचं ताट

त्या संध्याकाळी मी बिडकीनच्या बाजारातून वांगी घेऊन आले. भरली वांगी म्हणजे अभयचा जीव की प्राण, म्हणून सासूबाईंनी मुद्दाम मागवली होती. अभय घरी नव्हता, तरीही.

माझा नवरा दहा महिने कंपनीत फिटर आणि दोन महिने फौजी. टेरिटोरियल आर्मी. भावकी त्याला ‘हंगामी शिपाई’ म्हणून चिडवायची, तोही हसायचा. यंदा मे महिन्यात सीमेवर तणाव वाढला, बोलावणं आलं आणि चिडवणाऱ्यांची तोंडं बंद झाली. तो गेला त्या दिवसापासून मनकर्णाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज त्याचा पाट मांडून ताट वाढून ठेवत. सकाळी तेच गाईला घालत. माझ्या आईला हे फोनवर सांगितलं तर तिनं मला दटावलंच.

“जित्या माणसाच्या मागं त्याचं ताट वाढू नाय, रूपाली. रिकाम्या पाटावर कोण येऊन बसंल, सांगता येतं का?”

मला हसू आलं. सुतावरून स्वर्ग गाठायची आईला सवयच आहे.

वांगी वाढली आणि भोंगा वाजला. ब्लॅकआउटचा सराव होता. मी दिवे घालवले. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. बाहेर सगळी वसाहत चिडीचूप. काळ्या मसाल्याचा वास येत होता, आणि त्याखाली आणखी एक वास, बंद पडलेल्या विहिरीसारखा. मग फरशीवर पाट सरकल्याचा आवाज आला. भाकरी मोडल्याचा आला. मग कुणीतरी... सावकाश चावू लागलं.

“आत्याबाई... तुम्ही जेवताय का?”

“मी नाय गं...” त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी आवळून धरला होता.

दिवे लावले तेव्हा ताट पुसल्यासारखं स्वच्छ होतं. मी ताटापासून मागं सरकले. सासूबाई मात्र हसत होत्या, रडतही होत्या. “पोचलं माझ्या लेकराला. पोटभर जेवला बघ.”

दुसऱ्या दिवशी अभयचा फोन आला. “रूपा, आईला सांग, माझं ताट वाढू नको.”

आम्ही त्याला ताटाबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“रोज सपनात घरी येतो. दारातून बघतो तर माझ्या पाटावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं. आई त्याला आग्रहानं वाढती. मी हाका मारतो... कुणी बघत नाय.”

मी सासूबाईंच्या विनवण्या केल्या. त्या ऐकेनात. “सीमेवर असलेल्या लेकराचं ताट बंद करू? आन् त्याचं काय बरंवाईट झालं म्हंजे?”

माझाही जीव तिथंच अडकलेला. मी ताट वाढू दिलं, आणि रोज ते रिकामं होत गेलं. फोनवर अभय म्हणायचा, हल्ली भूकच लागत नाय.

तणाव निवळला आणि एका भर दुपारी अभय रिक्षातून दारात उतरला. वाळला होता, पण धडधाकट होता. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पाट मांडला, वांगी वाढली, वर अख्खी भाकरी ठेवली. हातपाय धुऊन तो स्वयंपाकघरापर्यंत आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

“बसा ना,” मी म्हणाले. “तुमचंच ताट आहे.”

तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर पाटावर होती.

“आधी त्याला उठू दे...” तो हळूच म्हणाला.

मी वळून पाहिलं. पाटावर कुणीच नव्हतं. पण ताटातली भाकरी मोडलेली होती.